गडचिरोली ७२, पुणे ५४ : जास्त मतदानाचा अर्थ काय लावायचा?

शनिवारपेठी

लोकसभा २०२४ चे आकडे परत चाळत होतो. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त मतदान गडचिरोली-चिमूरला, ७१.८८ टक्के. आमचं पुणे चोपन्नच्या आत. दक्षिण मुंबई आणि कल्याण जेमतेम पन्नास. त्यात गडचिरोली जिल्ह्यात मतदानाची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ एवढीच होती. आम्हाला संध्याकाळी ६ पर्यंत मुभा, केंद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर, शाळेत पंखे, दारात रांगोळी आणि वर सेल्फी पॉइंट.

तर माझे प्रश्न दोन. एक म्हणजे जंगल, एप्रिलचं ऊन आणि नक्षलवाद्यांचं बहिष्काराचं फर्मान असताना तिथे माणसं एवढी कशी बाहेर पडतात? दुसरा असा की आमच्या कट्ट्यावरचे जाणकार सांगतात, टक्का वाढला की समजावं लोक सरकारवर चिडलेत, घसरला की समाधानी आहेत (किंवा निराश आहेत, जसं सोयीचं पडेल तसं). यात काही तथ्य आहे का? आणि 'गडचिरोलीचा कल' अशी काही चीज असते का?

पुणेकर आळशी आहेत हे गृहीत धरलेलं आहे. ते कृपया परत सांगू नये.

पॉपकॉर्नवाली

पुणेकर आळशी आहेत.

शेवटचा_बाक

+१. आणि सेल्फी पॉइंटवर जेवढे दिसले तेवढ्यांनी तरी आत जाऊन बटण दाबलं का हेही तपासा.

जुनाजाणता

कशाला एवढा खल? खेड्यात मत पडतं ते पाकिटावर, दारूवर आणि कोंबडीवर. शहरात वाटप कमी, म्हणून टक्का कमी. पन्नास वर्षं बघतोय.

वैनगंगेकाठी

जुनाजाणता काका, कोंबडीवर एवढी गर्दी जमत असती तर आमच्या गावची ग्रामसभा कधी कोरमअभावी तहकूब झालीच नसती. :)

मी आरमोरी तालुक्यातला, सध्या नोकरीपायी नागपुरात. मतदानाला गावी जातो. पैसे वाटतच नाहीत असं म्हणणार नाही, सगळीकडं वाटतात तसे आमच्याकडंही वाटतात. पण जो पैसे वाटतो तोच हरला असंही आम्ही बघितलं आहे. 'घेतलं एकाचं, दिलं दुसऱ्याले' हे आमच्याकडं उघड बोलून दाखवतात. शरम कशाची?

आता कलाबद्दल. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्याला एकच जंगल दिसते. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, बारा तालुके, पण उत्तर आणि दक्षिण दोन वेगळे मुलूख आहेत. वडसा, आरमोरी, कुरखेडा हा धानाचा पट्टा. कुणबी, तेली, माळी, दलित, गोंड, हलबा सगळे मिसळून. इथं चर्चा धानाच्या बोनसची, वडसा-गडचिरोली रेल्वेची, वाघाची. खाली अहेरी, सिरोंचा, भामरागड, एटापल्ली. सिरोंच्याला अर्धा बाजार तेलुगूत चालते. मुलचेरा आणि चामोर्शीकडे बंगाली गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना वसवलेलं. त्यांची मागणी त्यांच्या जातीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा ही. एटापल्लीत विषय सुरजागडच्या लोहखाणीचा. हे सगळं एका टक्क्यात बसवाल?

आणखी एक. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या तिन्ही जागा, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, अनुसूचित जमातीसाठी राखीव. लोकसभाही राखीव. २०११ च्या जनगणनेत जमातींची लोकसंख्या ३८ टक्क्यांच्या वर होती. ओबीसी संख्येनं भरपूर, पण उमेदवारी करता येत नाही. त्यात जिल्ह्यातल्या नोकरभरतीत ओबीसी आरक्षण कित्येक वर्षं फक्त ६ टक्के होतं, मोर्चे निघाले, मग १७ झालं. इथला राग समजायचा तर हे आधी समजून घ्या. एकाच गावात एका घराचा राग वनहक्काच्या पट्ट्यावर, शेजारच्या घराचा नोकरीतल्या ६ टक्क्यांवर. दोघंही रांगेत सकाळी सातला उभे.

ऋता_म

वैनगंगेकाठी, छान लिहिलंत. वाघाचा मुद्दा निवडणुकीत खरंच येतो का, की अलंकार म्हणून टाकलात?

वैनगंगेकाठी

ताई, धान कापायला गेलेली बाई परत येत नाही तेव्हा अलंकार सुचत नाही. येतो मुद्दा. दरवेळी येतो.

करवीरकर

गडचिरोलीचं कौतुक आहेच, पण विधानसभेला पहिला नंबर कोल्हापूर जिल्ह्याचा होता हे नम्रपणे नमूद करतो. नोव्हेंबर २०२४, जिल्हा ७६ टक्क्यांच्या वर, गडचिरोली दुसरी. आणि आमचं करवीर जवळजवळ पंच्याऐंशी टक्के. त्याच दिवशी कुलाब्याला पंचेचाळीससुद्धा झालं नाही.

कारण सांगतो. आमच्याकडं मतदान हे सरकार निवडायला कमी आणि गट मोजायला जास्त असतंय. दूध संघ, साखर कारखाना, सोसायटी, ग्रामपंचायत, सगळीकडं तेच दोन गट समोरासमोर. विधानसभेला कोण बसून राहिला ते दुसऱ्या दिवशी डेअरीवर कळतंय. मुंबैत कामाला असलेली पोरं गाड्या करून आणतात. आणि चुरस केवढी, तर करवीरला चंद्रदीप नरके निवडून आले ते १,९७६ मतांनी. पंच्याऐंशी टक्के लोक उगीच नाही बाहेर पडत. चुरस असंल तिथं टक्का असतोय, विषय संपला.

गणिती

करवीरकर, विषय संपत नाही. गडचिरोली-चिमूरला २०१४ मध्ये भाजपचे अशोक नेते २,३६,८७० मतांनी जिंकले. एवढ्या एकतर्फी लढतीतही मतदान सत्तरच्या घरात होतं. २०१९ ला तेच नेते ७७,५२६ नी जिंकले, मतदान बहात्तरच्या आसपास. २०२४ ला काँग्रेसच्या नामदेव किरसान यांनी त्यांना १,४१,६९६ मतांनी पाडलं, मतदान ७१.८८.

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. एकदा दणदणीत विजय, एकदा काठावरचा म्हणता येईल असा, एकदा दणदणीत पराभव, आणि टक्का जागचा हलला नाही. चिडलेले लोकही बहात्तर आणि खुश लोकही बहात्तर. टक्क्यावरून कल सांगणारे कट्ट्यावरचे जाणकार बदला.

शनिवारपेठी

कट्टा बदलता येतो, जाणकार नाही बदलता येत. तेच मुळी कट्ट्याचे मालक आहेत.

पण मग हलतं काय? टक्का तोच, निकाल उलटा. कुणीतरी इकडून तिकडे गेलंच असणार ना?

गणिती

२०१९ चे आकडे बघा. वंचित बहुजन आघाडीचे डॉ. रमेशकुमार गजबे यांना १ लाख ११ हजारांच्या वर मतं होती, नेते यांच्या आघाडीपेक्षा जास्त. २०२४ ला वंचितचा आकडा एकदम खाली आला. 'संविधान बदलणार' हा प्रचार विदर्भात किती चालला ते सगळ्यांनी बघितलं. तेव्हा एक मोठा गठ्ठा तिसऱ्याकडून काँग्रेसकडे गेला असावा आणि काही मतं थेट भाजपकडूनही. 'असावा' म्हणतोय, कारण कोणी कुठे बटण दाबलं ते मशीन सांगत नाही.

वैनगंगेकाठी

आणि पाच महिन्यांनी काय झालं तेही सांगा. मतदारसंघातल्या सहा विधानसभांपैकी आरमोरी आणि ब्रह्मपुरी काँग्रेसला, गडचिरोली, चिमूर, आमगाव भाजपला, अहेरी अजितदादांच्या राष्ट्रवादीला. लोकसभेला काँग्रेसला दीड लाखाच्या घरात आघाडी देणारे हेच लोक! मधल्या काळात लाडक्या बहिणीचे हप्ते जमा झाले होते हे खरं, पण तेवढ्यावर सोडू नका. लोकसभेला पंजा-कमळ दिसते, विधानसभेला माणूस दिसते.

अहेरी तर सोडूनच द्या. तिथं पक्ष म्हणजे आत्राम घराण्याच्या कोणत्या वाड्याचा माणूस एवढंच. २०२४ ला धर्मरावबाबा आत्राम घड्याळावर, त्यांचीच मुलगी भाग्यश्रीताई तुतारीवर, आणि पुतणे अम्ब्रीशराव राजे अपक्ष. बाबा आले निवडून. अम्ब्रीशराव २०१४ ला भाजपकडून जिंकून राज्यमंत्री झाले होते. आता सांगा अहेरीचा राजकीय कल कोणता?

शेवटचा_बाक

कल : आत्राम.

पॉपकॉर्नवाली

बाप, लेक आणि पुतण्या एकाच मतदारसंघात! झाडीपट्टीच्या नाटकाला आयतं कथानक.

वैनगंगेकाठी

ताई, हसण्यावारी नेऊ नका. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे त्या नाटक कंपन्यांची राजधानी. एरवी उद्घाटनाला सगळे नेते येऊन स्टेजवर बसणार, हार घेणार, पाच मिनिटं बोलणार. त्या वर्षी आचारसंहिता, त्यामुळं नेते खाली सतरंजीवर प्रेक्षकात! नाटक पहाटेपर्यंत. पहिल्या अंकानंतर जो निघून जाते त्याला लोक लक्षात ठेवते. माझ्या माहितीत एक उमेदवार पूर्ण रात्र बसला. डुलक्या घेत होता, पण बसला.

जुनाजाणता

आला का निवडून?

वैनगंगेकाठी

नाही. पण आमच्या गावात लीड होती.

खडूफळा

उशिरा येतोय. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, चामोर्शी तालुक्यात, निवडणुकीची ड्यूटी दक्षिणेकडं लागते. पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं सगळे निकालावर बोलताहेत आणि मतदान कसं होतं हे कुणी सांगितलं नाही.

अतिदुर्गम केंद्राची पार्टी, म्हणजे मतदान कर्मचाऱ्यांची तुकडी, मतदानाच्या आदल्या दिवशी निघत नाही, त्याच्याही आधी निघते. साहित्य घेतलं, कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट तपासलं की हेलिकॉप्टरनं किंवा गाडीनं पोलिस मदत केंद्रात, म्हणजे बेस कॅम्पवर. तिथं मुक्काम. पुढचा रस्ता जवानांबरोबर, काही ठिकाणी पायी, मशीन खांद्यावर. रस्त्यावरून नाही, रस्त्याच्या कडेनं जंगलातून, कारण रस्त्यात काय पुरलंय सांगता येत नाही. ११ एप्रिल २०१९ ला एटापल्ली तालुक्यात वाघेझरी केंद्राजवळ स्फोट झाला होता. महिनाही झाला नाही तोच १ मे ला जांभुळखेड्यात जवानांचं वाहन उडवलं, पंधरा पोलिस आणि गाडीचा चालक गेले. त्यामुळं आमच्या घरचे फोन लागेपर्यंत झोपत नाहीत. आणि फोन लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मतदानाच्या आधी दीड तास मॉक पोल. किमान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून दाखवायची. म्हणजे साडेपाचला उमेदवाराचा प्रतिनिधी हजर हवा. पुष्कळ ठिकाणी प्रतिनिधीच नसतो. मग नियमाप्रमाणे थोडं थांबायचं आणि आपणच उरकायचं. सातला दार उघडतं तेव्हा रांग असते. २०२४ ला १९ एप्रिल होता, मोहाचा हंगाम सरत आलेला. ज्या बायांचा मोह अजून पडत होता त्या पहाटे वेचून, टोपली घरी ठेवून, नऊच्या सुमारास घोळक्यानं आल्या. बाकीच्या त्याआधी येऊन गेल्या. अकराला ऊन चढायच्या आत निम्म्याहून जास्त काम झालेलं. ३ वाजेपर्यंतची वेळ कमी पडली असं मला कधी वाटलं नाही. शहरात ६ पर्यंतची वेळ अपुरी पडते, कारण 'अजून वेळ आहे' म्हणत माणूस पाचला उठतो.

आता खरा मुद्दा. आमच्या केंद्रावर यादीत काहीशेच नावं. बाजूला अंगणवाडी ताई किंवा पोलिस पाटील. नाव पुकारलं की ते सांगतात, 'हा मिरची तोडायला तेलंगणात गेलाय', 'ही बाळंतपणाला माहेरी', 'हे मागच्या पावसाळ्यात वारले'. यादीतला न आलेला प्रत्येक माणूस कुठं आहे हे माहीत असतं. अमुक घरातली म्हातारी आली नाही हे बाराच्या आत सगळ्या गावाला कळतं आणि कुणीतरी तिला मोटारसायकलवर बसवून आणतं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांसाठी २०२४ ला घरून मतदानाची सोय होती, नमुना १२-ड चा अर्ज भरून. पण कित्येक म्हातारे म्हणाले, आम्ही केंद्रावरच येतो. तिथं चार माणसं भेटतात.

भाषेची अडचण येते. माडिया बोलणाऱ्या आजीला मराठीत सांगून उपयोग नाही, ताईच समजावतात. पण एकदा आत गेल्या की घोटाळा होत नाही. चिन्ह ओळखतात. त्या बाबतीत माझ्या शहरी नातेवाइकांपेक्षा बऱ्या.

ऋता_म

खडूफळा सर, वाचून गप्प झाले. दंडवत तुम्हाला.

तुमच्या यादीच्या मुद्द्यावरून आमची यादी आठवली. आमच्या फ्लॅटच्या पत्त्यावर आमच्याखेरीज आधीच्या दोन भाडेकरू कुटुंबांची नावं आहेत. एक कुटुंब बंगळुरूला, दुसरं कुठे कोण जाणे. मजल्यावरचे एक आजोबा वारले, त्यांचंही नाव आहे. सगळी बिल्डिंग अशीच असणार.

गणिती

ऋताताई, तुम्ही अर्ध्या धाग्याचं उत्तर देऊन टाकलंत.

टक्केवारी काढताना खाली भाजक असतो तो यादीतल्या नावांचा, जिवंत आणि हजर माणसांचा नव्हे. समजा यादीत १०० नावं, त्यातली २० माणसं मेलेली, गेलेली किंवा दुबार. ५४ जणांनी मतदान केलं तर जाहीर होणार ५४ टक्के. खऱ्या ८० पैकी मोजले तर साडेसदुसष्ट. पुण्याच्या यादीत फुगवटा नेमका किती ते मी सांगत नाही, उदाहरण म्हणून गणित मांडलं. पण जिथे माणसं सतत घर बदलतात तिथे यादी फुगणारच, आणि जिथे पोलिस पाटलाला प्रत्येक नाव पाठ आहे तिथे ती ताळ्यावर राहणारच. ७२ आणि ५४ मधल्या अंतराचा एक भाग आळसाचा आणि एक भाग कागदाचा.

शनिवारपेठी

म्हणजे पुणेकर अंशतः आळशी आहेत! हे वाक्य मी फ्रेम करून लावतो.

जुनाजाणता

सुट्टीचा मुद्दा विसरलात. पुण्याचं मतदान १३ मे, सोमवार. मुंबईचं २० मे, तोही सोमवार. शनिवार, रविवार, सोमवार म्हणजे महाबळेश्वर. विधानसभेला शहाणपण सुचलं, बुधवार ठेवला.

शेवटचा_बाक

गडचिरोलीचं १९ एप्रिल शुक्रवार होतं काका. शुक्रवार, शनिवार, रविवार. तेही गेले असते महाबळेश्वरला.

जुनाजाणता

बाका, तुला काय उत्तर द्यायचं ते तुझ्या आईवडिलांना विचारून सांगतो.

आयोवाचा_अण्णा

मी अमेरिकेत आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांत वसलेल्या गावात राहतो. गणिती यांच्या दोन्ही मुद्द्यांना इकडून दुजोरा.

भाजकाचं म्हणाल तर इथले अभ्यासक टक्केवारी बहुधा मतदानाला पात्र असलेल्या लोकसंख्येवर काढतात, यादीवर नाही. म्हणून भारताचे ६६ आणि अमेरिकेचे ६६ शेजारी ठेवून भांडणारे लोक दिसले की मी खिडकी बंद करतो.

टक्का आणि कल यांची फारकत म्हणाल तर आमच्या उत्तरेला हॉवर्ड काउंटी आहे. दहा हजारांच्या आत वस्ती, शेती, डुकरं, दोन-चार कारखाने. २०१२ ला तिथे ओबामा वीसहून जास्त टक्क्यांच्या फरकानं जिंकले आणि २०१६ ला ट्रम्प वीसहून जास्त टक्क्यांच्या फरकानं. लोक तेच, शेतं तीच. आयोवातल्या ९९ काउंट्यांपैकी ३१ अशा की ओबामांना दोनदा दिलं आणि मग ट्रम्पकडे वळल्या. बाहेरचे पत्रकार येऊन कॅफेत बसून म्हाताऱ्यांना 'तुमचा कल काय' विचारायचे. म्हातारे त्यांना पाय खिलवायचे आणि काही सांगायचे नाहीत.

पॉपकॉर्नवाली

पाय खिलवायचे??

आयोवाचा_अण्णा

सफरचंदाचा पाय हो ताई. गोड असतो. नळी नसते त्यात.

मोहफूल

एवढा वेळ वाचत होते. मी एटापल्ली भागात ग्रामसभांबरोबर काम करते. गडचिरोलीचं कौतुक होतंय ते चांगलंच आहे, पण काही गोष्टी त्यात बसत नाहीत.

जुनाजाणता काका, आधी दारू. आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. चोरून मिळते, नाही म्हणत नाही. पण 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूविरोधी अभियानानं दारूमुक्त निवडणुकीची मोहीम चालवली तेव्हा गावांनी ठराव केले, उमेदवारांकडून वचन लिहून घेतलं. यात पुढाकार बायांचा. कारण पिऊन आलेल्या नवऱ्याचं ओझं त्यांनाच उचलावं लागतं.

दुसरं, उत्साह. रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस लोकशाहीच्या प्रेमानं उभा आहे असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं आतल्या गावांवर दोन बाजूंनी डोळे होते. एक बाजू सांगणार मतदान करू नका, फलक लावणार. आणि ज्या गावात मतदान कमी त्या गावाकडं दुसरी बाजू संशयानं बघणार, असं लोकांना वाटायचं. मतदान करणं म्हणजे 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे सांगण्याचाही एक मार्ग होता. आता ते दिवस पुष्कळ मागे पडलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. गर्देवाड्यासारख्या आतल्या गावाकडं एसटी सुरू झाली. पुढच्या निवडणुकीत भीती नसताना टक्का किती राहतो ते बघण्यासारखं असेल. मला तरी वाटतं, थोडा घसरेल, आणि त्यात वाईट काही नसेल.

तिसरं, नोटा. गडचिरोली-चिमूरला २०१४ आणि २०१९, दोन्ही वेळा नोटाची मतं चोवीस हजारांच्या वर होती. उन्हातून चालत जाऊन 'यातलं कुणी नको' सांगणाऱ्यांचा कल कोणता म्हणायचा?

जुनाजाणता

मोहफूलताई, तुम्ही बायांच्या ठरावाचं सांगितलंत ते माहीत नव्हतं. पण नोटाचं सोपं आहे. न वाचता येणारे लोक शेवटचं बटण दाबतात.

खडूफळा

काका, हा समज शहरात फार आहे. शेवटचं बटण चुकून दाबणारे असतील काही, मी केंद्रावर बसून ते नाकारणार नाही. पण २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. तिकडं पलूस-कडेगावलाही नोटा दुसरा. तिथली माणसं काय निरक्षर आहेत? तिथं जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं होतं आणि समोरचा उमेदवार लोकांना पटला नव्हता. नोटा दाबायला डोकं लागतं, प्रत्येक जागी वेगळं कारण असतं.

करवीरकर

पलूस-कडेगाव आमच्या शेजारच्या सांगलीत. खडूफळा सरांना अनुमोदन. नोटासाठी आमच्याकडं वर्गणी काढून प्रचार झालेला ऐकलाय.

मोहफूल

एक राहिलं. इथले काही लोक म्हणतात की आदिवासी गाव 'एकगठ्ठा' मतदान करतं. करतं कधी कधी, बैठक घेऊन, बोलून. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. २०१७ च्या जिल्हा परिषदेला ग्रामसभांनी आपले उमेदवार उभे केले, कुठल्याच मोठ्या पक्षाचे नाहीत, आणि दक्षिणेकडं काही जण निवडून आले. बांबू, तेंदूपत्ता, खाण यांवर रात्र रात्र चर्चा होऊन नावं ठरली होती. ज्या सोसायटीत पार्किंगवरूनही एकमत होत नाही तिथल्या लोकांनी आम्हाला गठ्ठा म्हणू नये.

ऋता_म

पार्किंगचा वार वर्मी बसला.

गणिती

एकगठ्ठ्यावरून एक सांगतो, धाग्यात यायलाच हवं. मतमोजणी मशीननिहाय होते, म्हणजे केंद्रनिहाय. नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं ते छापून येतं. शहरात एका केंद्रात चार सोसायट्या, त्यामुळे कुणी काय केलं ते कळत नाही. पण तीनशे मतदारांच्या गावाचं एकच केंद्र असेल तर गावाचं मत जाहीर झालं! आमदाराला कळतं, ठेकेदाराला कळतं, पुढं रस्ता कुठे होणार तेही ठरतं. अनेक मशीनची मतं एकत्र करून मोजणारं 'टोटलायझर' वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्येच सुचवलं होतं. सरकारनं मान्य केलं नाही.

वैनगंगेकाठी

एकदम खरं. आमच्याकडं निकालाच्या संध्याकाळी त्याच कागदावर गाव बसते. 'आपल्या गावातून पंजाले इतके कसे पडले' म्हणून चौकशी! माझ्या चुलत्याच्या घरात पाच मतं, आणि त्यांच्या उमेदवाराला त्या केंद्रावर अख्ख्या गावातून चार. एका मताचा हिशेब अजून लागला नाही. काकू काही बोलत नाही.

शेवटचा_बाक

काकूंना नोटाचा पुरस्कार द्या.

शनिवारपेठी

नमुना २० चा मुद्दा वाचून आमच्या कसब्याची केंद्रनिहाय यादी उतरवून घेतली. वाड्यांच्या केंद्रांवर आणि नव्या इमारतींच्या केंद्रांवर मतदानात चांगलाच फरक दिसतोय. वाड्यांत अजून तीच कुटुंबं आहेत, म्हणून? की तिथे कार्यकर्ता अजून जिने चढतो, म्हणून? रविवारी तक्ता करून टाकतो, गणिती यांनी तपासावा.

खडूफळा

तक्ता करताना पुरुष-स्त्री वेगळे ठेवा. आमच्याकडच्या आतल्या केंद्रांवर बाया बरोबरीनं असतात, बऱ्याचदा पुढं. तुमच्याकडं घरातल्या किती जणी येतात ते बघा.

ऋता_म

आणि ज्यांच्या पत्त्यावर भुताटकीची नावं आहेत त्यांनी नमुना ७, म्हणजे नाव वगळायचा अर्ज, भरावा. स्वतः घर बदललं असेल तर नमुना ८, नवं नाव घालायचं तर ६. मी काल आजोबांच्या मुलाशी बोलले, तो त्यांच्या नावाचा ७ भरतोय. भाडेकरूंचं काय करायचं ते बीएलओ, म्हणजे यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी, आल्यावर विचारेन.

करवीरकर

आमच्यात सात नंबर भरायचा म्हटलं तर आधी समोरच्या गटाला विचारावं लागंल, नाहीतर आमची नावं कमी करताय म्हणून मोर्चा.

जुनाजाणता

तक्ता टाका लवकर. आणि कसब्यात पाकीट कुठल्या बाजूला जास्त वाटलं त्याचा एक रकाना ठेवा.

शनिवारपेठी

रकाना ठेवतो काका. भरायला तुम्ही या.